पाळी गेली की थांबविली गेली?
गर्भनिरोधक गोळ्या व इंजेक्शने घेणाऱ्या स्त्रियांनी रजोनिवृत्ती कशी ओळखावी

एका तालुक्याच्या गावी भरलेल्या महिला आरोग्य मेळाव्याचे वृत्त घेण्यासाठी गेलो असता एक चांगली पद्धत पाहावयास मिळाली. शाळेतील शिक्षिकांनी उपस्थित स्त्रियांना कागदाचे लहान तुकडे वाटले होते. ज्या प्रश्नाचा चारचौघांत उच्चार करणे अवघड वाटते, तो त्यावर नाव न घालता लिहून द्यावयाचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी बाईंनी त्याचे उत्तर द्यावयाचे, अशी योजना होती. आलेल्या चिठ्ठ्यांपैकी दोन चिठ्ठ्या डॉक्टरबाईंनी शेजारी शेजारी ठेवल्या.

पहिल्या चिठ्ठीत लिहिले होते : "वय ४८. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेते. सव्वा वर्ष झाले, पाळी आलेली नाही. माझी पाळी गेली असे समजून इंजेक्शन बंद करू का?" दुसरी चिठ्ठी अशी होती : "वय ५१. दुकानातून गोळ्या आणून घेते. पाळी दर महिन्याला वेळेवर येते. म्हणजे मला अजून दिवस जाऊ शकतात का? गोळ्या किती वर्षे घ्यावयाच्या?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "या दोन्ही बायांचा प्रश्न एकच आहे. एकीची पाळी येत नाही म्हणून तिला वाटते की ती गेली. दुसरीची येते म्हणून तिला वाटते की ती आहे. पण दोघींच्याही पाळीवरून काहीच ठरविता येत नाही."

त्यांचे हे उत्तर ऐकून सभेत क्षणभर शांतता पसरली. प्रस्तुत लेखकाचा वैद्यकशास्त्राशी संबंध नाही. तथापि त्या दिवशी मिळालेले स्पष्टीकरण आणि त्यानंतर या विषयासंबंधी जे अधिकृत मार्गदर्शन वाचावयास मिळाले ते येथे संगतवार मांडल्यास शिक्षक, पंचायतीचे सदस्य व क्षेत्रीय कर्मचारी यांना त्याचा उपयोग होईल, असे वाटते.

पाळी का येते आणि का जाते?

स्त्रीच्या दोन्ही बीजांडकोशांत मिळून जन्माच्या वेळी सुमारे १० ते २० लाख बीजांडे असतात. वयात येईपर्यंत त्यांतील ३ ते ४ लाख उरतात. संपूर्ण आयुष्यात त्यांपैकी साधारणतः चारशेच पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची आपोआप जिरून जातात. हा साठा संपत आला म्हणजे बीजांडकोशाचे काम मंदावते, इस्ट्रोजेन या संप्रेरकाची निर्मिती घटते, पाळी अनियमित होते आणि शेवटी कायमची थांबते. यालाच रजोनिवृत्ती म्हणतात.

या घडामोडीचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडे असते. ती एफ.एस.एच. नावाचे संप्रेरक रक्तात सोडते व त्याच्या प्रेरणेने बीजांड वाढीस लागते. वाढणारे बीजांड इस्ट्रोजेन निर्माण करते आणि ते रक्तात पुरेसे झाले की पीयूषिका ग्रंथी आपला हात आखडता घेते. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर वरिष्ठ कार्यालय पत्र पाठविते, खालच्या कार्यालयाकडून अनुपालन येते आणि पत्रव्यवहार तात्पुरता थांबतो. बीजांडकोश थकले म्हणजे खालून उत्तर येईनासे होते आणि वरून स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे सुटू लागतात. रजोनिवृत्तीच्या सुमारास रक्तातील एफ.एस.एच.चे प्रमाण वाढते, ते याच कारणाने.

रजोनिवृत्ती ही एका दिवसात घडणारी गोष्ट नव्हे. तिच्या आधीचा संक्रमणकाळ बहुधा काही वर्षांचा असतो. या काळात पाळी कधी लवकर तर कधी दोन-तीन महिन्यांनी येते. स्राव कधी अल्प तर कधी अतिशय असतो. सलग १२ महिने पाळी आली नाही आणि त्यास दुसरे कोणतेही कारण नाही, असे आढळले म्हणजे मागे वळून म्हणावयाचे की, ती शेवटची पाळी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बहुतेक स्त्रियांची रजोनिवृत्ती ४५ ते ५५ या वयात होते. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी वय ४६ ते ४७ वर्षांच्या आसपास असल्याचे तज्ज्ञ सांगतात. चाळिशीपूर्वी पाळी गेल्यास ती अकाली समजावी आणि तिची तपासणी अवश्य करून घ्यावी.

"त्यास दुसरे कोणतेही कारण नाही" ही जी अट वर आली, तीच या लेखाचे मूळ होय. गर्भनिरोधक संप्रेरके घेणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत दुसरे कारण सदैव हजर असते.

गोळ्या घेत असताना येणारी "पाळी"

आपल्या आरोग्य केंद्रांतून मोफत मिणाऱ्या माला-एन गोळ्यांच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेन या दोन प्रकारची संप्रेरके असतात व उरलेल्या वेगळ्या रंगाच्या ७ गोळ्या लोहाच्या असतात. या संप्रेरकांमुळे बीजांड पक्व होऊन बाहेर पडण्याचे थांबते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की शरीराला मिळणारी संप्रेरके बंद होतात आणि त्या आठवड्यात गर्भाशयाचे अस्तर सुटून रक्तस्राव होतो.

सर्व स्त्रिया या स्रावालाच पाळी म्हणतात. वास्तविक तो गोळी थांबल्याचा परिणाम होय. बीजांडकोश जागे आहेत की कायमचे निवृत्त झाले आहेत, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. त्यामुळे ५१ वर्षांच्या स्त्रीचे बीजांडकोश पूर्ण थांबले असले, तरीही ती गोळ्या घेत आहे तोवर तिला दर महिन्याला अगदी ठरल्या दिवशी रक्तस्राव होत राहील. दुसऱ्या चिठ्ठीचे उत्तर येथे सापडते.

याच संदर्भात एका गैरसमजाचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. गोळ्या घेतल्याने बीजांडे "शिल्लक राहतात" आणि म्हणून पाळी उशिरा जाते, अशी अनेकींची समजूत असते. ती खरी नाही. बीजांडे पक्व होण्याचे थांबले तरी त्यांचे जिरून जाणे चालूच राहते. गोळ्यांमुळे रजोनिवृत्ती पुढे ढकलली जात नाही की अलीकडेही येत नाही. तिच्यावर केवळ पडदा पडतो.

साधनासाधनांतील फरक

प्रत्येक साधनाचा पाळीवर होणारा परिणाम निराळा आहे. म्हणून "तुम्ही काय वापरता?" हा प्रश्न आधी विचारल्याशिवाय कोणालाही सल्ला देणे धोक्याचे होय.

दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन 'अंतरा' या नावाने २०१७ पासून शासकीय आरोग्य सेवेत उपलब्ध झाले. त्यात केवळ प्रोजेस्टोजेन असते. ते घेणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी वर्षभरात थांबते. हा औषधाचा अपेक्षित परिणाम असून त्यात अपाय नाही; मात्र ती रजोनिवृत्तीही नव्हे. शेवटच्या इंजेक्शननंतरही त्याचा परिणाम ओसरण्यास काही महिने लागतात. पहिल्या चिठ्ठीतील भगिनीची सव्वा वर्षाची गणना म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही.

संप्रेरकयुक्त गर्भाशयी साधन बहुधा खाजगी रुग्णालयांत बसविले जाते. अतिरक्तस्रावावरील उपचार म्हणूनही त्याचा वापर होतो. त्यामुळे स्राव अत्यल्प होतो किंवा थांबतो. पण त्यातील संप्रेरक प्रामुख्याने गर्भाशयापुरते काम करीत असल्याने बीजांडकोशांचे कार्य पुष्कळदा चालूच असते. अशा स्त्रीला रजोनिवृत्तीची इतर लक्षणे मात्र स्पष्टपणे जाणवू शकतात.

'छाया' ही गोळी लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत विकसित झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर आठवड्यातून एकदा ती घ्यावयाची असते. ती स्टेरॉइड वर्गातील संप्रेरक नाही. तथापि ती घेत असताना काही स्त्रियांची पाळी लांबते. त्यामुळे लांबलेल्या पाळीचा अर्थ लावताना या गोळीची दखल घ्यावी लागते.

साधी तांबी व कुटुंबकल्याण शस्त्रक्रिया यांत संप्रेरकांचा संबंध येत नाही. तांबीमुळे स्राव वाढू शकतो, परंतु पाळीचे चक्र स्त्रीचे स्वतःचेच असते. टाक्याच्या शस्त्रक्रियेत बीजवाहक नलिका बंद केल्या जातात, बीजांडकोश शाबूत राहतात. शस्त्रक्रियेमुळे पाळी लवकर जाते ही समजूत निराधार आहे. या दोन्ही प्रकारांत पाळी हीच विश्वसनीय खूण होय. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती, तर गोळ्या घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. म्हणजे बहुसंख्य स्त्रियांपुढे हा प्रश्न उभाच राहत नाही. परंतु ज्यांच्यापुढे तो उभा राहतो, त्यांना सल्ला देणाऱ्या शेजारणी, जावा व नणंदा बहुधा शस्त्रक्रिया झालेल्या असतात आणि स्वतःचा अनुभव प्रामाणिकपणे सांगताना त्यांचा अंदाज चुकतो.

लक्षणांवरून काय कळते?

अंगातून एकाएकी गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे, रात्री घामाने जाग येणे, झोप उडणे, चिडचिड, छातीत धडधड, सांधेदुखी, योनिमार्गाचा कोरडेपणा ही संक्रमणकाळातील परिचित लक्षणे आहेत. संप्रेरके न घेणाऱ्या पंचेचाळिशीपुढील स्त्रीमध्ये ही लक्षणे आणि पाळीतील बदल एवढ्यावरून डॉक्टर निदान करू शकतात. रक्त तपासण्याची सहसा गरज पडत नाही.

माला-एनसारख्या संयुक्त गोळ्या घेणाऱ्या स्त्रीत मात्र गोळीतील इस्ट्रोजेनमुळे ही लक्षणे झाकली जातात. काही स्त्रियांना ती लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यातच जाणवतात व नवे पाकीट सुरू होताच नाहीशी होतात. हा एक अर्थपूर्ण संकेत असून डॉक्टरांना तो आवर्जून सांगावा. परंतु त्यावरून निष्कर्ष काढू नये. केवळ प्रोजेस्टोजेन असलेली साधने वापरणाऱ्या स्त्रीला वाफा येऊ लागल्या, तर तो संकेत अधिक बोलका समजला जातो.

दुसऱ्या बाजूने पाहता घाम, धडधड, थकवा व पाळीतील अनियमितपणा ही लक्षणे थायरॉइडच्या विकारात आणि काही अंशी रक्तक्षयातही आढळतात. "आता वयच झाले" असे म्हणून सर्व तक्रारी रजोनिवृत्तीच्या खाती टाकल्यास उपचारयोग्य रोग मागे राहून जातो.

रक्त तपासणीची मर्यादा

शहरांतून "पाळी गेली का ते पाहण्यासाठी" एफ.एस.एच.ची तपासणी करून घेण्याचा प्रघात वाढला आहे. तीत पैसे खर्च होतात आणि पुष्कळदा चुकीचा दिलासा पदरी पडतो. याचे कारण वरच्या कचेरीच्या दृष्टान्तावरून ध्यानात येईल. स्त्री संयुक्त गोळ्या घेत असते तेव्हा बीजांडकोशाने द्यावयाचे उत्तर गोळीच परस्पर देत असते. वरिष्ठ कार्यालय समाधान पावते आणि स्मरणपत्रे थांबतात. बीजांडकोश निवृत्त झालेले असूनही एफ.एस.एच.चा आकडा कमी येऊ शकतो. लोहाच्या गोळ्यांच्या सात दिवसांत तपासणी केली, तरीही तो आकडा भरवशाचा नसतो.

संक्रमणकाळात तर संप्रेरके न घेणाऱ्या स्त्रीतही हा आकडा एका महिन्यात चढलेला व पुढच्या महिन्यात उतरलेला आढळतो. एकदा आकडा वाढला म्हणून गर्भधारणेची शक्यता संपली, असे समजता येत नाही.

मग तपासणीचा उपयोग केव्हा? ब्रिटनमधील 'फॅकल्टी ऑफ सेक्शुअल अँड रिप्रॉडक्टिव्ह हेल्थकेअर' या तज्ज्ञसंस्थेने २०१७ मध्ये चाळिशीपुढील स्त्रियांच्या गर्भनिरोधनासंबंधी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यानुसार स्त्रीचे वय ५० पेक्षा जास्त आहे, ती केवळ प्रोजेस्टोजेन असलेले साधन वापरीत आहे, तिची पाळी बंद आहे आणि साधन थांबवावे असे तिला वाटते, तर एफ.एस.एच. तपासता येते. आकडा प्रति लिटर ३० आंतरराष्ट्रीय एककांपेक्षा जास्त आल्यास आणखी एक वर्ष साधन चालू ठेवून नंतर ते बंद करावे. चाळिशीच्या आत पाळी थांबली असता निदानासाठी तपासण्या कराव्याच लागतात; तो भाग विशेषज्ञांचा होय.

वयाचा हिशेब हाच भरवशाचा

पाळी, लक्षणे व तपासणी हे तीनही साक्षीदार असे डळमळीत असल्याने तज्ज्ञांनी वयाचा आधार घेतला आहे. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

एक : साधी तांबी, निरोध अशी संप्रेरकविरहित साधने वापरणाऱ्या स्त्रीने पन्नाशीपूर्वी पाळी थांबल्यास शेवटच्या पाळीपासून २ वर्षे व पन्नाशीनंतर थांबल्यास १ वर्ष साधन चालू ठेवावे. पन्नाशीपूर्वी बीजांडकोश पुन्हा एखाद्या वेळी जागे होण्याचा संभव अधिक असतो, म्हणून ही दोन वर्षांची मुदत आहे.

दोन : संयुक्त गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने ५० वर्षे पूर्ण झाल्यावर त्या थांबवाव्यात. येथे रजोनिवृत्ती झाली की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. या वयात गोळीतील इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा, हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढतो, हे मुख्य कारण होय. धूम्रपान करणाऱ्या स्त्रीने तर ३५ वर्षांनंतरच या गोळ्या टाळाव्यात. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असणे, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन उठणारी अर्धशिशी, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असणे, स्तनाचा कर्करोग यांपैकी काहीही असल्यास कोणत्याही वयात डॉक्टरांना विचारल्याविना त्या घेऊ नयेत. गोळ्या बंद केल्यावर लगेच निरोध किंवा अन्य सुरक्षित साधन सुरू करावे आणि तेव्हापासून पाळीची नोंद ठेवावी. १२ महिने पाळी आली नाही, तर रजोनिवृत्ती झाली असे मानता येते.

तीन : इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रीनेही पन्नाशीला साधन बदलणे इष्ट समजले जाते. दीर्घकाळ घेतलेल्या इंजेक्शनमुळे हाडांची घनता काहीशी घटते आणि रजोनिवृत्तीनंतर हाडे मुळातच ठिसूळ होत असतात. बदलानंतर निरोध किंवा तत्सम साधन वापरून दोन वर्षे पाळी न येण्याची वाट पाहणे अधिक सुरक्षित, कारण इंजेक्शनचा परिणाम ओसरण्याचा काळही त्यात जमेस धरला जातो.

चार : संप्रेरकयुक्त गर्भाशयी साधन किंवा केवळ प्रोजेस्टोजेनची गोळी, दुसरी काही हरकत नसल्यास, ५५ वर्षांपर्यंत चालू ठेवता येते. या वयानंतर नैसर्गिक गर्भधारणा इतकी दुर्मीळ असते की, सर्वच साधने थांबविण्यास हरकत नसते. त्यासाठी पाळी गेल्याचे सिद्ध करण्याची गरज उरत नाही.

येथे आणखी एक खुलासा करावयास हवा. रजोनिवृत्तीच्या त्रासावर दिली जाणारी संप्रेरक उपचाराची औषधे ही गर्भनिरोधके नव्हेत. असा उपचार सुरू केलेल्या स्त्रीलाही वरील मुदतीपर्यंत स्वतंत्र साधनाची आवश्यकता असते.

अंदाज चुकल्याची किंमत

हे सर्व एवढ्या तपशिलाने कशासाठी, असे कोणी विचारील. डॉक्टरबाईंनी त्या सभेत आपल्या पूर्वीच्या नेमणुकीतील एक हकीकत सांगितली. इंजेक्शन घेणाऱ्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीची पाळी थांबली होती. "गेली आता, कशाला सुया टोचून घ्यायच्या?" असे घरातील वडीलधाऱ्या बाईंनी म्हटले आणि तिने इंजेक्शन सोडले. पुढे वर्ष उलटल्यावर तिला मळमळ व पोटात जडपणा जाणवू लागला. पाळी तर आधीपासूनच नव्हती, त्यामुळे ती चुकल्याचे कळण्याचा मार्गच नव्हता. सून बाळंतपणाला आलेली असताना सासूला दिवस गेल्याचे लक्षात आले, ते सातव्या महिन्यात, पायांवर सूज व रक्तदाब वाढल्यानंतर. तिला जिल्हा रुग्णालयात हलवावे लागले. जीव वाचला, मूल मात्र अपुऱ्या दिवसांचे जन्मले आणि कित्येक दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले.

चाळिशीपुढील गरोदरपणात रक्तदाब, मधुमेह, गर्भपात व बाळातील जन्मजात दोष यांचे प्रमाण अधिक असते. शिवाय या वयातील स्त्री आपली अवस्था लाजेपोटी लपविते व तपासणीस उशिरा येते. म्हणून पाळी थांबली असता, वय काहीही असो, आधी गर्भधारणा नाही याची खात्री करावी. आशाताईंकडे लघवीच्या तपासणीचा 'निश्चय' संच उपलब्ध असतो. पाच मिनिटांचे हे काम सर्व तर्कवितर्कांहून मोलाचे आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच महाग पडते. पाळी येत आहे या समजुतीने पन्नाशी ओलांडल्यावरही गोळ्या घेत राहणे म्हणजे नको असलेला धोका विनाकारण अंगावर ओढवून घेणे होय.

तिसरी चूक सर्वांत गंभीर. रजोनिवृत्ती झाल्यावर, म्हणजे १२ महिने पाळी थांबल्यावर, पुन्हा थोडाही रक्तस्राव झाला तर "पाळी परत आली" म्हणून समाधान मानू नये. तो गर्भाशयाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असू शकतो. अशा स्त्रीला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेले पाहिजे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी शासकीय आरोग्य सेवेत करण्यात येते. तिचा लाभ तक्रार नसतानाही घ्यावा.

गर्भाशय काढलेल्या भगिनी

शेवटी आपल्या राज्यातील एका विशेष परिस्थितीचा उल्लेख करणे भाग आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर चर्चिला गेला आणि शासनाने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तरुण वयात गर्भाशय काढलेल्या स्त्रीची पाळी त्या दिवसापासून बंद होते. परंतु बीजांडकोश राखले असतील, तर ती रजोनिवृत्ती नव्हे. शरीरात इस्ट्रोजेन तयार होतच असते. बीजांडकोशही काढले असतील, तर मात्र रजोनिवृत्ती त्याच दिवशी आणि एकदम येते. हाडे व हृदय यांना असलेले संरक्षण अकाली नाहीसे होते व उपचारांची निकड निर्माण होते. आपल्या शस्त्रक्रियेत नेमके काय काढले, हे अनेक स्त्रियांना सांगता येत नाही. रुग्णालयाचा कागद जपून ठेवणे आणि तो नसल्यास तो मागून घेणे हा प्रत्येकीचा हक्क आहे. पंचायत सदस्यांनी या एका बाबतीत जरी साहाय्य केले, तरी पुष्कळ काम होईल.

नोंद ठेवण्याची सवय

शिक्षिका, अंगणवाडी सेविका व आशाताई यांना या विषयात डॉक्टर होण्याची आवश्यकता नाही. स्त्रीकडून चार गोष्टी लिहून घेतल्या तरी पुरे : तिचे वय, वापरात असलेले साधन व ते कधीपासून, शेवटचा रक्तस्राव कधी झाला, आणि घाम, वाफा, निद्रानाश यांपैकी काय जाणवते. घरातील दिनदर्शिकेवर तारखेभोवती केलेली खूण ही उत्तम नोंद होय. असा कागद हाती घेऊन आलेल्या स्त्रीस योग्य सल्ला देणे वैद्यकीय अधिकाऱ्यास सोपे जाते. चाळिशीनंतर गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा रक्तदाब निदान वर्षातून एकदा मोजला जावा. मग त्या गोळ्या उपकेंद्रातून घेतलेल्या असोत की दुकानातून.

या विषयावर उघडपणे बोलण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, तेव्हा असा शब्द उच्चारणेही अशिष्ट मानले जाई. आज साधने गावोगावी पोहोचली आहेत. ती केव्हा व कशी सोडावयाची, हे ज्ञानही त्यांच्या पाठोपाठ पोहोचले पाहिजे.

त्या मेळाव्यात डॉक्टरबाईंनी दोन्ही चिठ्ठ्यांना थोडक्यात उत्तरे दिली. पहिलीस त्यांनी सांगितले की, पाळी गेली असे आज धरू नये, इंजेक्शनची तारीख चुकवू नये आणि पन्नाशीला साधन बदलण्याविषयी येऊन भेटावे. दुसरीस त्यांनी गोळ्या थांबवून निरोध वापरण्यास व रक्तदाब मोजून घेण्यास सांगितले. सभा संपल्यावर एक बाई मागे रेंगाळल्या. चिठ्ठी आपली असल्याचे त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरीत त्यांनी फक्त हात पुढे केला. नर्सबाईंनी रक्तदाब मोजला. तो १५०/९६ भरला. डॉक्टरबाईंनी त्यांना शेजारी बसवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात येण्याची वेळ लिहून दिली. त्या दिवशीच्या मेळाव्याचे चीज झाले, असे वृत्त लिहिताना वाटले.